भीमेचं पाणी

अमेरिकेतल्या ट्रॉयमधल्या आपल्या लोकांच्या एक जानेवारीच्या कार्यक्रमात कोरेगावच्या लढाईचं चित्र लागायचं ते प्रफुल्लचंच. अकरा वर्षं. गाड्यांच्या कंपनीत डिझायनर, हात चांगला. यंदा मात्र नागपूरहून शिकायला आलेल्या संघमित्रानंही चित्र काढलं. स्टेजवर कुठलं लावायचं ते रविवारी ठरणार होतं, तोवर दोन्ही चित्रं नेहमीप्रमाणे प्रफुल्लच्या बेसमेंटमध्ये.

त्याच्या चित्रात तलवारी, धूर, झेंडा, सगळं दणदणीत. तिच्या चित्रात कोणी लढतच नव्हतं. काडतुसं दातांनी फोडून ओठ काळे झालेले दहाबारा महार शिपाई भिंतीआड बसलेले, दिवसभराचे तहानलेले. सगळ्यांच्या नजरा पलीकडच्या भीमेवर. नदी जेमतेम बोटभर, पण बघणाऱ्याचा घसा सुकायचा.

कार्यक्रमाचे जुने जाणते रामभाऊकाका; त्यांनी दोन्ही चित्रांपुढे पाण्याचा एकेक तांब्या ठेवला. दरवर्षीची त्यांची रीत. "पाण्यावाचून लढले रे," म्हणाले, आणि तिच्याच चित्रापुढे उभे राहिले. प्रफुल्लच्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखलं.

सकाळी तिच्या चित्रापुढचा तांब्या कोरडा. हीटिंगनं पाणी आटलं असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पण शेजारचा, त्याच्या चित्रापुढचा, काठोकाठ भरलेला. त्यानं रिकामा तांब्या पुन्हा भरला, दोन्हींवर झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी तांब्यांची अदलाबदल केली. तरी तेच.

"मेलेल्यांनासुद्धा तिचंच आवडतं," तो बायकोला म्हणाला.

"यार, एवढ्याशा पोरीवर जळतोयस तू," प्रणिता म्हणाली.

शनिवारी दुपारी त्यानं ब्रश घेतला आणि तिच्या चित्रातली भीमा पुसून टाकली. मातकट रंगाचे चार फटकारे, बस्स. संध्याकाळी पाहिलं तर सकाळी भरलेला तिचाही तांब्या जसाच्या तसा. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

जिना चढताना घसा सुकला. प्रणितानं ग्लास भरून हातात दिला. ओठांना लावला तर रिकामा.

"भरला होता मी," ती म्हणाली.

दुसरा तिनं त्याच्यासमोर भरला. तोही रिकामा.

तिसरा त्यानं स्वतः भरला, अगदी वरपर्यंत, आणि तळहातानं झाकून धरला. तळव्याला पाण्याचा गारवा लागत होता. मग पाणी हळूहळू खाली गेलं.

त्यानं हात काढला. ग्लासच्या काठावर ओठांचा काळा ठसा होता.