अर्धं धनुष्य, अर्धं वल्हं

मूस, म्हणजे आमच्या उत्तरेकडच्या जंगलातलं घोड्याहून उंच हरीण, मारायचा परवाना आमच्याकडे सोडतीने मिळतो. माझा नवरा रोझेर दर वर्षी अर्ज करायचा आणि दर वर्षी कुठल्यातरी शहरी दंतवैद्याचं नाव निघायचं. यंदा देवाला त्याची दया आली. चिठ्ठी निघाली, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या उजव्या खांद्याचा एक्स-रे उजेडात धरून सांगितलं की हिवाळ्यात ऑपरेशन, आणि त्यानंतर धनुष्य विसरायचं. म्हणजे हातात उरला हा एकच शिकारीचा हंगाम. दुसरा कोणी असता तर गपचूप बंदूक उचलून मोकळा झाला असता. रोझेरने चर्चच्या जेवणात, सगळ्या गावादेखत, तोंडात घास असताना जाहीर केलं, "मूस मारीन तो माझ्या हातच्या धनुष्याने, नाहीतर रिकाम्या हाताने परत येईन." मी डोक्याला हात लावला.

उन्हाळाभर ते धनुष्य घडलं. तीन तुकड्यांचं होतं. मधली मूठ मेपलची, आणि वर-खाली दोन भुजा आमच्या मागच्या टेकडीवरच्या झाडाच्या, ज्याला आम्ही लोखंडी लाकूड म्हणतो. भुजा बोल्टने मुठीला आवळायच्या आणि काम झालं की सुट्या करून पिशवीत घालायच्या. अखंड धनुष्य होडीत आडवं टाकलं की पहिल्याच ओंडक्याला अडकून मोडतं, हे आमच्या सेंट जॉन खोऱ्यात प्रत्येकाने एकदा तरी शिव्या घालत शिकलेलं असतं.

तिसरा गडी माझा धाकटा भाऊ जिल्बेर. आला मांस वाहायला म्हणून, पण आला बंदूक घेऊन. परवान्यावर दोनच नावं, रोझेरचं आणि माझं, त्यामुळे त्याला गोळी झाडता येणार नव्हती.

"बंदूक ताईसाठी आहे," तो रोझेरला म्हणाला. "दाजी, तुमचं सरपण मोडलं की लागेल."

"तुझं तोंड चालतंय तितकं ते वल्हं चालव," रोझेर म्हणाला.

ते वल्हं म्हणजे जिल्बेरचा जीव. वाळलेल्या ॲश लाकडाच्या एकाच फळीतून त्याने ते स्वतः कोरलं होतं, जाड आणि वार्निशने चकचकीत. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. होडी उलटली तर आधी वल्हं वाचवायचं, मग बहीण, असा त्याचा क्रम होता.

आणि होडी उलटलीच! प्रवाहाविरुद्ध चढायचं होतं. मी पुढे, जिल्बेर मध्ये, रोझेर मागे उभा राहून लांब दांडा तळाला रेटत होता. खडकांच्या वळणावर त्याचा खांदा कचकला. दांडा निसटला. होडी आडवी झाली. पाणी छातीवर आलं, बर्फासारखं! मी पिठाची पिशवी धरली, रोझेरने धनुष्याची पिशवी धरली, आणि जिल्बेरने काय धरलं ते सांगायला नको. दांडा मात्र खालच्या ओढ्याला भेटायला निघून गेला. उरलेली वाट आम्ही होडी दोरीने ओढत, गुडघाभर पाण्यातून, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चाललो.

संध्याकाळी वरच्या तळ्याकाठी तंबू ठोकला. मी प्लॉय, म्हणजे आमचे कुट्टूच्या पिठाचे घावन, भाजले, पीठ जरा ओलं असूनही छान झाले. रोझेर शेकोटीजवळ बसून भुजांना डुकराची खारवलेली चरबी चोळत होता. ही त्याच्या आजोबांची रीत. आमच्याकडे ही चरबी घेवड्यात पडते, बुटांना लागते आणि सर्दी झाली की छातीलाही लागते, मग लाकडाने काय पाप केलंय? वरची भुजा आणि मूठ त्याने अंथरुणात घेतली. खालची भुजा, चरबी नीट मुरावी म्हणून, फांदीच्या बेचक्यात ठेवली.

सकाळी जिल्बेर बाहेरून म्हणाला, "दाजी, तुमच्या धनुष्याचा नाश्ता झाला."

मिठासाठी साळिंदर काय वाटेल ते कुरतडतं. कुऱ्हाडीचा दांडा असो, खोगीर असो, संडासाची फळी असो. हे लहान पोराला ठाऊक असतं, आणि त्यातूनही लाकडाला मीठ चोळून ते जंगलात बाहेर ठेवायचं, ही अक्कल फक्त आमच्याच लोकांची. भुजेचं टोक गायब होतं. मधला भाग खाल्लेल्या कणसासारखा दिसत होता. वर झाडावर, आमच्याकडची साळिंदरं चढतात तसा चढून, एक काटेरी गोलमटोल जीव पाठ फिरवून झोपला होता.

मला हसू फुटलं, पण रोझेरकडे बघून घशातच राहिलं. तो ती भुजा मांडीवर घेऊन बसला होता.

"ताई, बंदूक तयार आहे," जिल्बेर हळूच म्हणाला.

"थांब रे जरा," मी म्हणाले.

रोझेर कुऱ्हाड घेऊन झाडीत शिरला आणि दुपार चढायच्या आत रिकाम्या हाताने परत आला. "उभं आहे ते ओलं, पडलंय ते कुजलेलं. ओल्या लाकडाची भुजा वाकली की वाकलेलीच राहते. वाळलेलं लाकूड हवं आणि तेही जातिवंत." मग तो शेकोटीशी बसला. बोट दाखवलं नाही, नजरही वळवली नाही. पण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं की वाळलेलं, जातिवंत लाकूड त्या तळ्याकाठी एकच आहे.

जिल्बेर बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला. मग उठला, होडीतून वल्हं आणलं आणि रोझेरच्या पायाशी टाकलं.

"घ्या," तो म्हणाला. "रेषा सरळ आहे त्याची. फळी मीच निवडली होती."

"जिल्बेर..."

"बोलू नका दाजी. मी विचार बदलीन."

आणि काम सुरू झालं! कुऱ्हाडीने वल्ह्याचं पातं फोडलं तेव्हा जिल्बेर तोंड फिरवून उभा राहिला. रोझेर वाकड्या सुरीने सोलत होता, कानशीने घासत होता. बोल्टचं भोक तंबूची लोखंडी खुंटी निखाऱ्यात लाल करून पाडलं. मग भुजा मुठीला आवळली, दोरी चढवली आणि माझी पाळी आली.

धनुष्य ओढणाऱ्याला स्वतःच्या धनुष्याचा वाक दिसत नाही. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने लांब उभं राहून बघायचं, असं हे काम. उन्हाळाभर अंगणात मीच ओढत होते आणि गवताच्या भाऱ्यात बाणही मीच मारत होते, कारण रोझेरने खांदा त्या एका बाणासाठी राखून ठेवला होता. बटाट्याची पिंपं उचलून माझे दंड तयारच होते.

"ओढ," रोझेर म्हणायचा, डोळे बारीक करून. "सोड. टोकाकडे ताठ आहे." तो खरवडायचा. "ओढ. अजून थोडी. सोड."

"माझे हात गळून पडले की तेही बोल्टने आवळशील का?"

"ओढ."

ऊन उतरेपर्यंत धनुष्य उभं राहिलं. वरची भुजा काळसर, खालची पांढरी, टोकाला वार्निशचा एक चट्टा. असं ध्यान मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण मी त्याने एका कुजक्या ओंडक्यात बाण मारला आणि तो पिसांपर्यंत आत गेला.

आम्ही काठच्या झुडपात दबा धरला. मी भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मादीसारखी लांब, रडकी हाक घातली. जिल्बेर पाण्यात उभा राहून कॉफीच्या भांड्याने उंचावरून धार सोडत होता, मादी तळ्यात लघवी करते आहे असं नराला वाटावं म्हणून. चर्चच्या समितीवरचा माणूस तो!

पलीकडे फांदी मोडली. मग दुसरी. जिल्बेर भांडं टाकून झुडपात आला.

नर बाहेर आला! खाटेएवढी शिंगं, ओली काळी छाती. तो तळ्याकाठाने थेट आमच्याकडे चालत आला आणि आडवा उभा राहिला. इतक्या जवळ की त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती. रोझेर उठला. बाण लावला. ओढलं, आणि अर्ध्यावर त्याचा खांदा कट्‌ करून वाजला. चेहरा पांढरा पडला. दोरी हळूहळू परत गेली.

मूसने कान टवकारले.

डावीकडून जिल्बेरने माझ्या हाताला बंदूक लावली. उजवीकडून रोझेरने धनुष्य पुढे केलं. त्याचे डोळे भरले होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं, आणि तो ते माझ्या हातात देत होता. मला भयंकर भीती वाटली.

मी धनुष्य घेतलं. ओढलं. गालाला हात टेकला. नेम त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, खालच्या अंगाला. सोडलं!

मूस दचकला, वळला आणि तळ्यात धावला. पाणी उडालं. गुडघाभर, पोटभर. मग तो थांबला, डुलला आणि कुशीवर पडला.

जिल्बेर म्हणाला, "पाण्यातच पडायला हवं होतं का याला?" आणि दोरी शोधायला गेला.

गार पाण्यात कमरेइतके उभे राहून आम्ही त्या धुडाला दोर बांधत होतो. रोझेर एका हाताने गाठ मारत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते तळ्याचं नव्हतं.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं. "तूच मारायचा होतास."

"मी ओढलं असतं तर मला नुसता मूस दिसला असता," तो म्हणाला. "आज मी माझं धनुष्य पाहिलं, ओदिल. पूर्ण ओढलेलं, खऱ्या शिकारीवर रोखलेलं. कुठल्या कारागिराला असं बघायला मिळतं?"

मी दोराची गाठ आवळली. "मग? कसा होता वाक?"

त्याने नाक पुसलं आणि जरा विचार केला.

"खालची भुजा अजून किंचित ताठ आहे," तो म्हणाला. "घरी गेलो की तू ओढ, मी बघतो."