वर्सोव्याचं स्थळ

दशरथची आणि माझी पहिली भेट भाऊच्या धक्क्यावर झाली. मावशीने त्याला मला उतरवून घ्यायला पाठवलं होतं, आणि हा शहाणा दुसऱ्याच मुलीची ट्रंक उचलून चालू पडला! मावशीच्या अंधेरीच्या चाळीतला हा शेजारी. त्या दिवसापासून पंधरवडाभर आमचं भांडण चाललं होतं आणि... खरं सांगू? मला ते फार आवडायला लागलं होतं.

पण उद्या बोट. परत विजयदुर्ग! राणीची बाग झाली, गेटवे झालं, आणि हा बाबा कामाचं एक अक्षर बोलेना. शेवटच्या दिवशी मावशीने त्याला हाक मारली, "दशरथ, वर्सोव्याकडचं ते स्थळ हिला दाखवून आण रे." मी मनातल्या मनात उडीच मारली. नवी साडी नेसले, गजरा माळला.

गजरा बघून दशरथने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. बसमध्येही खिडकीकडे तोंड करून बसला. शेवटी मीच विचारलं, "किती जुनं आहे रे?"

"तिशी उलटलीय."

"एवढंच? आमच्या गावचं केवढं जुनं आहे!"

"गावालाही बघितलंस?"

"लहानपणापासून बघतेय! शाळा सुटली की आम्ही सगळ्या मैत्रिणी वर चढून बसायचो."

दशरथला जोरदार ठसका लागला. कंडक्टर वळून बघायला लागला.

"पडझड झालीय का रे फार?"

"समोरचे दोन दात... पण माणूस झकास आहे. शेवंती, तू हे असलं काही त्याच्यासमोर बोलू नकोस हं."

"कोणासमोर?"

"चंद्रप्रकाशसमोर! माझा वर्सोव्याचा दोस्त, मुलगी शोधतोय हे मावशीला ठाऊक आहे. मावशीने दाखवायला सांगितलेलं स्थळ!"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला जे हसू फुटलं, ते वर्सोव्याच्या बंदरावर उतरलो तरी आवरेना. "अरे गाढवा, मावशी मढच्या किल्ल्याबद्दल सांगत होती! इथून होडीने जायचं ना?"

दशरथ मटकन खाली बसला. तोही एका कोळणीच्या पाटीवर.

"आरं उठ, पाटीन म्हावरा हाय!" ती खेकसली.

तो उठला. पँटला माशांचे खवले चिकटलेले, पण चेहरा मात्र सकाळपासून पहिल्यांदाच उजळला होता.

"एवढा कसला आनंद झाला?" मी विचारलं.

"त्याने तुला पसंत केली असती, तर माझी वाट लागली असती ना..." तो पुटपुटला. "तू... उद्या जाऊ नकोस ना, शेवंती."

पंधरा दिवस ज्याची वाट पाहिली, ते हा गृहस्थ वाळत घातलेल्या बोंबलांसमोर बोलला! मी नुसता गजरा सारखा केला, उगाचच. होडी आली आणि गेली, आम्ही बोलतच राहिलो.

संध्याकाळी मावशी चुलीपाशी होती. दशरथ दारातच घुटमळत होता.

"काय गं, कसा वाटला किल्ला?"

"गेलोच नाही, मावशी. यांची पँट खराब झाली, मग..."

"कोणाची?"

"यांची."

सकाळपर्यंत त्याला अरे-तुरे करणारी मी! जीभ चावली, पण शब्द सुटला होता. मावशीचा डाव आमटीत तसाच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दशरथचे कान लालबुंद झाले होते.

"जा रे," मावशी म्हणाली, "आधी पँट बदल आणि आईला घेऊन ये. बोटीचं मग बघू."