आठ नंबरची काच

"काका, एकच द्या ना. उजवा." मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "काका, एकच मिळेल का? डावा."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि कपाळाला हात लावला. वेल्डिंगच्या सामानाचं दुकान चालवता चालवता त्यांचे केस पिकले, पण हातमोज्यांची जोडी त्यांनी कधी फोडली नव्हती. चपलेच्या दुकानात जाऊन एकच चप्पल मागता का, असं त्यांनी आम्हा दोघांनाही सुनावलं. बाहेर सकाळपासून चिकट पाऊस लागला होता, दुकानात भर दुपारी दिवा लावलेला, आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, चपला दोन्ही एकदम झिजतात काका, हातमोजे नाही झिजत.

खरंच नाही झिजत. मी डावखुरी. दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या वर्कशॉपमध्ये मी गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडते. वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर माझ्या डाव्या हातात असतो आणि तापलेलं लोखंड धरायचं, फिरवायचं, सरळ करायचं ते उजव्या हाताने. त्यामुळे उजवा हातमोजा भाजून आकसतो, त्याला भोकं पडतात, आणि डावा मात्र कोरा करकरीत राहतो. माझ्या पलंगाखाली असे नुसते डावे पिशवीभर साठले होते. फेकवत नव्हते आणि उपयोग तर काडीचा नव्हता.

शेजारच्या माणसाचं नेमकं उलटं होतं. तो चारचौघांसारखा उजवा, म्हणून त्याचा डावा हातमोजा जळायचा. उंच, जरा वाकून चालणारा, भिजलेल्या खांद्यांचा.

"तुमच्याकडे डावे किती आहेत?" त्याने मला विचारलं. इतक्या गंभीरपणे, की मला हसूच आलं.

"पिशवीभर."

"माझ्याकडे उजवे गोणीभर आहेत..."

हे सगळं तो माझ्या कानाकडे बघून बोलत होता. माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या कानाकडे! कानाला काही लागलंय की काय म्हणून मी दोनदा हात फिरवून बघितला. काही नव्हतं. म्हटलं, असतात एकेक नमुने.

पुढच्या आठवड्यात दुकानाबाहेरच्या बाकावर आमची अदलाबदल झाली. काका आतून कुरकुरत होते, की दोघांनी मिळून माझ्या पोटावर पाय आणलात. मी त्याचं नाव 'उजवा' ठेवलं आणि तो मला 'डावखुरे' म्हणायला लागला. अहो-जाहो चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

त्याचे उजवे हातमोजे जळलेले नव्हते, पण वापरलेले होते. चामडं त्याच्या हाताच्या वळणावर गेलेलं... बोटं लांब, अंगठ्याशी एक खोल मोड. मी त्यात हात घातला आणि काम सुरू केलं, पण त्या दिवशी माझं कामात लक्षच लागेना. दिवसभर कुणीतरी माझा हात हातात धरून ठेवलाय असं वाटत राहिलं. दादाने विचारलं, काय गं, ताप आहे का? मी म्हटलं, उकडतंय. बाहेर गार वारा सुटला होता.

मग काय, दर आठवड्याला सामान घ्यायला मलाच जावं लागायला लागलं. रॉड संपले, घासायच्या चकत्या संपल्या, काही नाही तर चिमटाच हरवला. ओल्या हवेत रॉड सर्द होतात म्हणून काका ते बल्ब लावलेल्या पेटीत ठेवायचे. त्या पेटीशी ऊब असायची, आणि त्या उबेत आम्ही दोघं एप्रन निवडत उभे राहायचो. एक एप्रन निवडायला किती वेळ लागतो? आम्हाला अख्खी दुपार लागायची. मी त्याला ओरडायचे, की पँटची घडी खाली सोड, ठिणगी आत पडून पाय भाजेल. तो निमूटपणे वाकून घडी सोडायचा आणि म्हणायचा, "घरीही अशीच ओरडतेस?"

"घरी याहून जास्त."

"बरं झालं आधीच कळलं," तो म्हणायचा... माझ्या कानाला.

त्या कानापायी मी वेडी झाले. कामावर लोंबतं काही घालता येत नाही, म्हणून मी मुद्दाम चपट्या खड्यांची कानातली घेतली. निळे खडे. तो बघायचा तिथेच तर बघायचा! एक महिना गेला, दुसरा गेला, पण एका शब्दाने काही बोलेल तर शपथ. आई म्हणाली, कुणासाठी नटतेस गं? मी म्हटलं, माझ्यासाठी. आईने शिलाई मशीनवरची मान वर केली नाही, पण हसली.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मास्कमधली काळी काच नंबरावर मिळते. नंबर जेवढा मोठा तेवढी काच गडद. त्याच्यासारखं जाड लोखंडाचं काम करणारी माणसं अकरा नंबर वापरतात. उजवाही आधी अकराच न्यायचा, असं काकांनीच मला सांगितलं होतं. माझ्यासमोर त्याने दहा मागितली. मग नऊ. मी म्हटलं, डोळे नकोसे झालेत का? तो म्हणाला, हल्लीच्या काचाच काळ्याकुट्ट येतात गं, आतलं काही दिसत नाही. काका खाली मान घालून काच पुसत राहिले.

गोदीत पाइप जोडायच्या कामाची जागा निघाली होती. कायमची नोकरी, त्यासाठी हाताची परीक्षा. तो त्या परीक्षेच्या मागे लागला होता. एकदा बाकावर चहा पिताना तो म्हणाला, "ते झालं ना, की तुला एक विचारायचंय."

"आत्ताच विचार की."

"आत्ता विचारायची माझी टाप नाही."

मी कप तोंडाला लावला, म्हणजे तोंड दिसायला नको. त्या दिवसापासून ती परीक्षा त्याची कमी आणि माझीच जास्त झाली.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तो राहिलेले उजवे हातमोजे द्यायला घरी आला. मी आत चहा टाकत होते. आई शिवत बसली होती. अंधारून आलेलं, दिवे गेलेले. आईने त्याला सहज म्हटलं, अरे, तुझे डोळे तरुण आहेत, एवढा दोरा ओवून दे. मी चहा घेऊन आले तेव्हा तो खिडकीशी उभा होता. सुई समोर धरलेली आणि नजर भलतीकडे, पडद्याकडे. दोरा सुईच्या शेजारून जात होता... पुन्हा शेजारून. त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी तो हसून म्हणाला, आई, आमची बोटं जाड हो. सुई ठेवून, चहा न घेताच गेला.

तो गेल्यावर आईने सुई हातात घेऊन बघितली. मग म्हणाली, "त्याला दिसत नाही गं."

मी आईवर चिडले. रस्ता ओलांडतो, सायकल चालवतो, काचेचा नंबर वाचतो, आणि म्हणे दिसत नाही! आणि नंबर हा शब्द तोंडातून गेला तशी मी तिथेच खाली बसले. अकरा, दहा, नऊ. काचा काळ्या येत नव्हत्या. अंधार त्याच्या डोळ्यांत वाढत होता, आणि तो बिचारा उजेड वाढवायला फिकट काच घेत होता. म्हणजे जो उजेड डोळे जाळत होता, तोच आणखी आत घेत होता.

रात्रभर मनात एकच. गप्प बसले, तर तो परीक्षा देईल, नोकरी लागेल, मला विचारेल, आणि डोळे घालवून बसेल. बोलले, तर त्याची नोकरी माझ्या हातून जाईल, आणि त्याबरोबर ते विचारणंही. इकडे आड, तिकडे विहीर. आई जागीच होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, "काका, आठ नंबर द्या."

"देऊ नका, काका," मी म्हटलं.

त्याने वळून माझ्या कानाकडे बघितलं. मी सगळं बोलून टाकलं. सुई, काच, नंबर. डॉक्टरला दाखवल्याशिवाय तू वेल्डिंगचा जाळ पेटवायचा नाहीस, असंही म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो कापतही होता. त्याचा चेहरा उतरला. तो अगदी हळू म्हणाला, "मला माहीत नाही असं वाटतं तुला? उद्या एक दिवस निभावू दे. तू कोण गं माझी, अडवणारी?"

खरंच, कोण? त्याने विचारलंच कुठे होतं अजून? मी काउंटरवर हात टेकून उभी राहिले. काकांनी आठ नंबरची काच कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो पावसात निघून गेला, आणि मला ठाऊक होतं की काच काय, चार दुकानं पुढे गेलं की मिळते.

मग दिवस गेले. कसे गेले विचारू नका. पाऊस थांबेना, भिंतींना ओल आली, वर्कशॉपमधलं नवं लोखंड रातोरात गंजायला लागलं. परीक्षेचा दिवस आला आणि गेला. तो आला नाही. मी स्वतःला समजावलं, लागली असेल नोकरी, विसरला असेल. मग वाटायचं, विसरू दे बाई, पण डोळे नीट असू देत. त्याच्या शेवटच्या उजव्या हातमोज्याला भोक पडलं तरी मी तोच घालत राहिले. बोट भाजलं. दादा म्हणाला, नवा घे की. मी म्हटलं, घेईन.

शेवटी काकांनीच निरोप पाठवला, रॉड आलेत म्हणून. रॉड कसले, बाकावर तो बसला होता. मांडीवर माझी पिशवी, आत सगळे डावे हातमोजे.

"तुझे परत आणलेत," तो म्हणाला. "मला आता लागायचे नाहीत."

"मला डावे काय करायचेत?" मी म्हटलं आणि शेजारी बसले. "परीक्षा?"

"गेलोच नाही. काच घेतली होती दुसरीकडून. गेटपर्यंत गेलो... आणि तुझा कापरा आवाज काही डोक्यातून जाईना. तिथूनच वळून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो."

मग त्याने सावकाश सांगितलं. लहान वयात काम धरलं तेव्हापासून लोखंड जागच्या जागी धरायला बारीक टाके मारताना तो मास्क घालत नव्हता. नुसता टाका तर मारायचाय, त्याला मास्क कशाला, म्हणून. आम्ही सगळेच असं करतो. डॉक्टर म्हणाले, जळलं ते परत येणार नाही, पण आत्ता थांबलास तर बाकीचं शाबूत राहील. आता होल्डर कायमचा खाली. बहिणीच्या गावी मेव्हण्याचं गोदाम होतं, तिथे गोण्या उचलायला तो उद्या निघणार होता. "तुला विचारायचं होतं ते राहू दे आता," तो म्हणाला. "कुठल्या तोंडाने विचारू?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "मग मी सांगते. मला तू हवा आहेस. नोकरीवाला नाही, तू. आणि गोण्याच उचलायच्या तर आमच्याकडे लोखंड उचल, दादाला माणूस हवाच आहे. माझ्या हातून तुझं काम गेलं, म्हणून कीव करत नाहीये. मला करमत नाही तुझ्याशिवाय."

तो नेहमीसारखा माझ्या कानाकडे बघत राहिला.

"आणि आता तरी माझ्याकडे नीट बघ," मी म्हटलं. "सारखं काय त्या कानाकडे! एवढे हौसेने खडे घेतले, त्यांनाही कधी बरं म्हणाला नाहीस."

"कुठले खडे?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता.

"डोळ्यांच्या मधोमध डाग आहे गं," तो म्हणाला. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कडेचं तेवढं दिसतं. म्हणून मी कानाकडे बघतो... म्हणजे तू दिसतेस. पहिल्या दिवसापासून तुलाच बघतोय. कान काही मी कधी पाहिला नाही."

काका आत पेटीतले रॉड उगाच वरखाली करत होते. मी भिजलेल्या पदराने तोंड पुसलं.

"कसले आहेत खडे?" त्याने विचारलं.

"तूच बघ की."

तो जरा थांबला. मग त्याने नजर हलवली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. त्या घटकेला त्याच्यापुढून माझे डोळे नाहीसे झाले होते, हे मला कळत होतं, तरी मी ते मिटले नाहीत.

"निळे आहेत," तो म्हणाला. "छान आहेत."

आणि मग नजर पुन्हा हळूच माझ्या कानाकडे नेली.