छतातून पडणारी धूळ

"धुळ्या चालला की त्याच्या अंगातून धूळ झडायला हवी. इथे तर पीठ सांडतंय," दादा म्हणाला.

टिल्लीने हसू दाबलं. सुट्टीत दोघं भाऊबहीण मावशीच्या ॲनिमेशन स्टुडिओत मुक्कामाला असल्यासारखीच होती. मावसभाऊ गोट्याही सोबत होता. कोपऱ्यातल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर मावशीने त्यांना देऊन टाकला होता. तिघं मिळून त्याच्यावर धुळ्या नावाचा धुळीचा माणूस बनवत होती. पार्टिकल म्हणजे पडद्यावरचे हजारो बारीक कण. ते कसे पडतील, कसे तरंगतील, हे दादा ठरवायचा. त्या कणांवर ऊन कसं चमकेल, हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. ते काम टिल्लीचं.

"आधी खरी धूळ बघू," टिल्ली म्हणाली. दहा वाजता तिने खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्याचं मोबाइलवर शूटिंग केलं. बारा वाजता पुन्हा केलं आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितलं.

"दादा, दहा वाजता धूळ तरंगत होती ना? मग ही बाराची सरळ खाली का पडतेय? तीसुद्धा एका रेषेत."

तिघांनी मान वर केली. छताला केसाएवढी चीर होती आणि तिच्यातून पांढरी भुकटी झरत होती. वर धाडधाड तोडफोड चालली होती.

तिघं धावतच वरच्या मजल्यावर गेली. तिथला एक जाड खांब निम्मा फोडलेला होता, आतल्या सळया उघड्या पडल्या होत्या. शेजारीच विटांचा ढीग रचलेला. तोडफोड करून घेणारा कंत्राटदार पाठमोरा उभा होता.

"खालच्या छताला चीर गेलीय, काका," टिल्ली त्याला म्हणाली.

कंत्राटदाराने वळूनही पाहिलं नाही. "काम म्हटलं की धूळ उडणारच. जा, तुमची कार्टून काढा जा."

मावशीला व्हिडिओ दाखवावेत म्हणून टिल्ली मोबाइल आणायला एकटीच खोलीत गेली. वाऱ्याने दार लोटलं गेलं. मोबाइल खिशात टाकून ती परत वळली, तर दार उघडेना. कडी मोकळी होती, पण वरची चौकट दारावर दाबून बसली होती. डोक्यावर काहीतरी कटकन वाजलं. तिने दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

"मागे हो," बाहेरून दादा ओरडला. त्याने आणि गोट्याने खांद्याने धडका दिल्या. तिसऱ्या धडकेला दार एवढंसं उघडलं, आणि टिल्ली अंग चोरून बाहेर आली. तिचे केस पांढरेफटक झाले होते.

तिघं मावशीकडे धावली. ती कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत होती. तिने हातानेच खूण केली, दहा मिनिटं.

"दहा मिनिटं नाहीत आपल्याकडे," टिल्ली पुटपुटली. "मेन स्विच पाडू. वीज गेली की सगळे आपोआप बाहेर येतील."

तळमजल्यावर साऱ्या इमारतीचा मेन स्विच होता. सगळ्यांची न साठवलेली कामं जाणार, हे दादाला ठाऊक होतं. त्याने डोळे मिटून खटका पाडला.

कॉम्प्युटर बंद, वरचं ड्रिलही बंद. स्टुडिओतली माणसं चिडून जिन्यात आली, वरचे मजूरही खाली उतरले. सर्वांत पुढे कंत्राटदार. "कुणी केला हा चावटपणा?"

"मी," दादा म्हणाला. "आधी बाहेर चला, मग रागवा." गोट्याने मावशीचा हात धरून तिला ओढतच अंगणात नेलं.

शेवटचा मजूर उंबरठा ओलांडतो न ओलांडतो, तोच वर गडगडाट झाला. कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीतून धुळीचा लोट बाहेर पडला.

कंत्राटदार मटकन खाली बसला.

तासाभराने आलेल्या इंजिनिअरबाईंनी दोन्ही व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. "छत खचण्याआधी सांगत असतं," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही ऐकलंत. आज इथे एकवीस माणसं धडधाकट उभी आहेत, ती तुमच्यामुळे."

मावशीने टिल्लीच्या केसांतली धूळ झटकली. "आणि मी तुम्हाला दहा मिनिटं थांबायला सांगत होते," ती हळूच म्हणाली.

तोवर धीराने उभी असलेली टिल्ली तिच्या कुशीत शिरली आणि हमसून हमसून रडू लागली.