बारीक तारा

बुधवार पेठेतल्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरलं की कुणाचा तरी खांदा लागायचाच. उल्काला लागला तो एका तावातावाने आलेल्या तरुणाचा. त्याने जळकं सर्किट कार्ड काउंटरवर आपटलं.

“ही चिप द्या. हडपसरच्या कुणा बाईंनी याचा पॉवर सप्लाय बनवलाय. पाच व्होल्ट मागितले, बाईंनी नऊ ओतले. दिलदार आहेत!”

दुकानदार हसला. उल्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“त्या बाई म्हणजे मी.”

“अं… मी सलिल.”

“नाव नाही विचारलं. सप्लायसोबत बारीक तारांची जोडी होती, ती कुठे जोडलीत?”

“ती… जादाची वाटली. कापली.”

“कापली! अहो, लांबच्या तारेत व्होल्ट घटतात. टोकाला किती पोचले, ते त्या बारीक तारा मागे कळवतात. त्याच कापल्यात, मग सप्लायला वाटलं काहीच पोचत नाही – तो देतच सुटला!”

सलिलचा चेहरा उतरला. “मी तुमच्या साहेबांकडे तक्रारही केलीय…”

उल्काने ते जळकं कार्ड उचललं. साहेब आधीच तैवानचा तयार सप्लाय आणायच्या गोष्टी करत होते. आता तिचं सगळं काम अडगळीत जाणार.

“स्कूटर आहे?”

“आहे.”

“मग काढा. साहेबांकडे जायचंय.”

मधे पर्स ठेवून ती मागे बसली. पूलगेटला तो हळूच म्हणाला, “फार रागावलात?”

“समोर बघा.”

साहेबांपुढे सलिल सरळ म्हणाला, “चूक माझी. तारा मी कापल्या.”

“म्हणजे सप्लाय निर्दोष?” साहेबांनी उल्काकडे पाहिलं.

नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. पण मान हलेना. तिला आता स्वतःचाच संताप आला.

“नाही, साहेब. उद्या उंदीरही तार कुरतडेल. तार तुटली तरी सप्लायने स्वतःला आवरायला हवं. त्यासाठी आत दोन रेझिस्टर हवे होते, ते टाकायचे माझ्याकडून राहिले.”

“टाकून दाखवा. मग तैवानचं ठरवू.”

बाहेर येताच सलिल तडकला. “मी सगळं अंगावर घेतलं होतं ना? कशाला बोललात?”

“तुमच्या उपकारावर माझा सप्लाय चालायचा नाही!”

दुसऱ्या दिवशी तो रेझिस्टरची पुडी घेऊन हजर.

“चहा पिऊनच आला असाल,” ती म्हणाली.

“हो, हो,” तो घाईने म्हणाला.

सोल्डरिंगच्या राळेचा धूर दरवळला. डाग देऊन झाल्यावर उल्काने साहेबांसमोर बारीक तारा स्वतःच्या हाताने कापल्या. सलिल मीटरवर वाकला. काटा किंचित थरथरला… आणि पाचाशीच थांबला.

“तैवान राहू दे,” म्हणत साहेब निघून गेले.

सलिल मात्र हलेना.

“राग गेला?”

“हे फोनवर विचारायचं.”

“फोनवर तुम्ही काहीही सांगाल. खरं काय ते टोकाला येऊनच कळतं… तुम्हीच शिकवलंत.”

ओठांवर आलेलं हसू लपवायला उल्काने उगाच कटर पुसला.

“गेलेला नाही.”

“मग… उद्या येऊन बघू?”

“या. आणि उद्या चहा पिऊन येऊ नका.”