शेवटच्या कड्यातलं मेण

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाची मनधरणी करायला बसलेली नाही.

हे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या घरी घडलं. गेल्या वर्षी, दुसऱ्या मजल्यावर, त्याच्या मागच्या खोलीत. आणि रात्री नाही. रविवारी भर दुपारी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना. भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे जरूर वाचावं.

आधी माणूस सांगते.

भाऊ पाणीपुरवठ्यात आहे. रस्त्याखालचा पाइप कुठे गळतोय ते तो ऐकून सांगतो. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. शेजारून ट्रक जाऊ दे नाहीतर मोर्चा, ह्याला चार हात खालचं पाणी ऐकू येतं. बायकोची हाक तेवढी पहिल्या फटक्यात ऐकू येत नाही. ते सगळ्याच नवऱ्यांचं असतं.

दारू नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच. इंग्लंडातल्या पंकवाल्या पोरांच्या जुन्या तबकड्या.

मी विचारलं होतं, "पंक म्हणजे काय रे?"

तो म्हणाला, "ताई, पन्नास वर्षांपूर्वीची पोरं. केस साळिंदरासारखे उभे. गिटार धड धरता यायची नाही, पण राग अंगात मावायचा नाही."

"म्हणजे बोंबलणं."

"हो, पण तालात."

तर असल्या बोंबलण्याच्या सात इंची तबकड्या तो जमवायचा. दोन बाजूंना दोन गाणी, बस. मूळ छपाईच हवी, कागदी पाकीट मूळचंच हवं. मागच्या खोलीत फळ्यांवर चारशे तरी उभ्या होत्या. धूळ पुसायला भावजयीला मनाई. ठकीला, म्हणजे त्याच्या पाच वर्षांच्या लेकीला, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला मनाई.

एका म्हातारीचा नवरा वारला होता. त्याचाही हाच नाद. ती घर रिकामं करतेय असं कळलं आणि भाऊ धावत गेला.

बेल दाबली. वाजली नाही.

तरी दार उघडलं...

म्हातारी एक अक्षर बोलली नाही. गळ्यात अडकवलेल्या वहीत लिहून दाखवत होती. भावाला वाटलं, बिचारी मुकी असेल. तिने खोकं पुढे सरकवलं आणि लिहिलं, 'जसं आहे तसं ठेवा.'

आता हे वाक्य तुम्हीआम्ही वाचलं असतं तर हात लावला नसता. पण जमवणाऱ्यांच्या डोक्यात त्याचा अर्थ वेगळा. त्यांच्यात असं म्हणतात ते खोकं फोडून एकेक तबकडी वाटत सुटू नका म्हणून. भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाला, "एकही वेगळी करणार नाही, आजी."

म्हातारीने वहीतल्या त्याच ओळीखाली रेघ ओढली.

खोक्यात एक तबकडी कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीची होती. मधल्या गोल चिठ्ठीवर गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्यांचं नाही, काही नाही. भावाने ती सगळ्यात आधी बाहेर काढली. असली ह्याआधी त्याने पाहिलीच नव्हती.

फक्त एक डाग होता. चिठ्ठीच्या कडेला, दोन्ही बाजूंना, कुणीतरी मेणबत्तीचं मेण ओतून ठेवलं होतं.

गाणं संपल्यावर सुई आत आत सरकत जाते आणि शेवटी एका बंद कड्यात अडकते. मग तिथेच गोल फिरत राहते, हाताने उचलेपर्यंत. मेण बरोब्बर त्या कड्यावर होतं.

तुम्ही म्हणाल, मुद्दाम ओतलं असेल. भावाला वाटलं, घाण आहे.

लाकडी काडीने त्याने ते कणाकणाने खरवडलं. मग तबकडीवर सुताराचा पांढरा गोंद पसरला, वाळू दिला आणि सोलून काढला. सापाने कात टाकावी तसा अख्खा पापुद्रा निघाला. त्यासोबत पन्नास वर्षांचा मळ. तबकडी आरशासारखी लख्ख.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

रविवारी दुपारी त्याने हेडफोन चढवले आणि सुई टेकवली. अडीच मिनिटं आरडाओरडा. मग शांतता.

गाणं कुणीही ऐकतं. तबकडीची खरी पारख शांततेत होते. किती खरखर आहे, ओरखडा कुठे आहे. म्हणून भावाने सुई उचलली नाही. ती कड्यात जाऊ दिली.

खर्र... खर्र... खर्र...

आणि मग त्यात...

टप.

टप.

टप.

त्याने ओळखलं. घरचा नळ. जगाच्या गळत्या शोधतो आणि स्वतःच्या न्हाणीघरातला नळ चार महिने टपकतोय. हेडफोन असून आवाज आत आला कसा, म्हणून त्याने हेडफोन काढले.

घर गप्प होतं.

तो न्हाणीघरात गेला. नळाच्या तोंडाशी थेंब जमत होता. फुगत होता. सुटत होता. बादलीतल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती...

आवाज नव्हता.

सोमवारी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. झोप काढा."

मंगळवारी संध्याकाळी त्याने तबकडी पुन्हा लावली. का लावली म्हणाल, तर दुखऱ्या दातावर जीभ का जाते? गाणं संपलं. कड्यात आता नळ होता, आणि नळासोबत टिक... टिक...

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. काटा सरकत होता. मुका.

गुरुवारी कड्यात नळ टपकत होता, घड्याळ चालत होतं, आणि अचानक अगदी कानाशी...

"अहो."

त्याने वळून पाहिलं. भावजय दारात उभी होती, हातात डाव. तिचे ओठ हलत होते.

"...ताटं वाढलीत."

त्याने हेडफोन काढले. आतून बारीक आवाज येतच होता. अहो... अहो... अहो...

"पुन्हा म्हण," सुई उचलून तो म्हणाला.

"ताटं वाढलीत."

"त्याच्या आधीचं."

तिने तोंड उघडलं. श्वास सुटला. आवाज नाही. तिने घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. नाही.

"दुसरं काही म्हण बघू."

"दुसरं काय म्हणू, तुमचं डोकं?" ती म्हणाली. खणखणीत आवाज. मग तिने पुन्हा तो एक शब्द उच्चारायला घेतला, आणि तिथे नुसता खड्डा.

दोघांच्या पाचावर धारण बसली.

भावाच्या तेव्हा सगळं ध्यानात आलं. सुई त्या कड्यात असताना खोलीत जे वाजेल ते आत जातं. एका फेरीत मावेल एवढंच. सव्वा सेकंद. एक थेंब, एक टिकटिक, एक शब्द. ताटं वाढलीत हे उरलं, कारण ते कड्यात मावलं नाही.

आणि मग त्याला उंबरा दिसला. तिथे ठकी बसायची. रंगीत खडू घेऊन, दिवसभर. आत यायची मनाई, पण हाक मारायची मनाई कुणी केली होती?

दर पाच मिनिटांनी. बाबा. बाबा.

मला बोलावलं तेव्हा दोघं सुतक असल्यासारखी बसली होती. मी म्हटलं, "हातोडा आण. दोन तुकडे कर."

भाऊ म्हणाला, "त्यात हिचं ते आहे, ताई. फोडलं आणि तेही कायमचं गेलं तर?"

"गेलं तर गेलं. नावाने हाक मारेल. सगळं जग मारतं."

भावजय खाली मान घालून म्हणाली, "वन्सं, बारा वर्षांची सवय आहे. जीभ तिथेच जाते, आणि तिथे काही नसतं."

मी हातोड्याचा हट्ट सोडला. असं फार वेळा होत नाही.

भाऊ म्हातारीकडे गेला. बेलला हात लावायच्या आत तिने दार उघडलं. वहीत लिहिलेलं तयारच होतं.

'मेण काढलंत?'

त्याने मान हलवली.

'घरात लहान कोणी आहे?'

त्याने मान हलवली.

तिने इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचं टोक तुटलं. 'आजच लावा. गेलेलं परत येत नाही. पुढचं थांबतं.'

भावाला राहवलं नाही. "आजी, तुमचं काय काय गेलं?"

म्हातारीने टोक तुटलेल्या पेन्सिलीने हळूहळू लिहिलं.

'ते ऐकत बसायचे. मी शेजारी बसून गप्पा मारायचे.'

त्या दिवशी भावाने मेणबत्ती पेटवली आणि दोन्ही बाजूंची कडी बुजवली. तबकडी कपाटात ठेवली. किल्ली खिशात.

तीन महिने सगळं सुरळीत होतं. भावजय त्याला बोलवायचं झालं की चमच्याने ताटावर वाजवायची. "ऐकलंत का" म्हणून पाहिलं, पण तिचं तिलाच ते परक्या बाईचं वाटायचं. मग चमचाच.

एकदा भावाचा फोन आला. कामावरून, भर रस्त्यातून. म्हणाला, "ताई, मला दोन मैलांवरचा पाइप आठवतो कसा वाजतो ते. पण ही हाक कशी मारायची ते आठवेना. सूर वर जायचा का खाली?"

मी म्हटलं, "पाइप शोध तू."

चूक झाली. मी तेव्हाच निघायला हवं होतं.

गेल्या महिन्यात रविवारी गेले. भावजय गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं. ठकी उंबऱ्याबाहेर चित्र काढत बसलेली. निळं घर, हिरवा सूर्य.

"काय गं ठके, बाबा कुठे?"

"...आत आहेत."

मला वाटलं, तोंडात खडू घातलाय.

"कोण आत आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ एकदा मिटले, उघडले. पुन्हा मिटले, उघडले.

काही आलं नाही.

मी दार ढकललं. भाऊ पाठमोरा बसला होता, हेडफोन घालून. तबकडी फिरत होती. टेबलावर मेणाचा भुगा, आणि त्याच्या अंगठ्याच्या नखात मेण.

मी त्याच्या सात पिढ्या उद्धरायला तोंड उघडलं...

आणि सुई दिसली. ती कड्यात होती.

तोंडावर पदर दाबून मी पुढे गेले आणि त्याच्या एका कानावरचा हेडफोन ओढून माझ्या कानाला लावला.

अहो. बाबा. अहो. बाबा. अहो. बाबा.

भावाने डोळे उघडले नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. माझी चाहूल त्याला कधीच लागली होती. त्याने हळूच बोट उचललं आणि स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

गप्प राहा म्हणून.

ठकीला मी तशीच उचलून घरी आणलं. ती माझ्याकडेच आहे. बोलते, भांडते, गाणी म्हणते, फक्त तो एक शब्द नाही. भावजय आली नाही. म्हणाली, "माझं तिथे आहे, वन्सं. मी कशी येऊ?"

भावाचा रोज दुपारी फोन येतो. मी उचलते. ठकीचा बाप आहे, न उचलून सांगू कुणाला?

पण मी बोलत नाही. ठकीलाही फोनजवळ येऊ देत नाही.

कारण तो काही म्हणायच्या आधी, त्याच्या मागून, बारीक...

खर्र... खर्र... खर्र...

मग तो म्हणतो, "ताई, बोल की."