डावीकडची सीट

मी वैजनाथ. गाव परळी, गॅरेज बिबवेवाडीत. पुण्याचं गिऱ्हाईक कसं असतं हे मला कुणी शिकवायला नको. पण 'गाडी तापत नाही' अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी त्या डिसेंबरात पहिल्यांदा पाहिलं.

"अहो, लोक गाडी तापते म्हणून रडत येतात," मी म्हटलं. "तुमचं उलटंच!"

"मग तुम्हाला तेवढाच बदल," कुसुमताई म्हणाल्या.

शनिवार पेठेतल्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. पांढरी छोटी गाडी स्वतः चालवायच्या. त्यांच्या यजमानांचं, माधवरावांचं, हृदय पार थकलं होतं. हातपाय गार पडायचे. त्यांना जपा, गारठा लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण रोज सकाळी गाडीतून सारसबागेपर्यंत चक्कर झाल्याशिवाय माणसाला चैन पडत नसे, आणि हीटर तर गार वारा फेकत होता. मुलगा राजस अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार, अशी सगळीकडे हाकाटी होती. त्यापायी त्याची रजा अडकली होती. तो संक्रांतीला येणार होता.

"तोवर यांना टिकवायचंय," बाई म्हणाल्या. "हे म्हणतात, गाडीत मला बरं वाटतं. पण ते काय, गोठले तरी तक्रार करायचे नाहीत."

बॉनेट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह जागेवर नव्हता. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. उन्हाळ्यात गाडी तापली की व्हॉल्व्ह उपटायचा आणि फेकून द्यायचा. मग थंडीत पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं आणि इंजिन तापत नाही. रोग सापडला, औषध सोपं. नवीन व्हॉल्व्ह टाकला. तापमानाचा काटा मध्यावर आला, हीटरमधून झकास ऊब आली. बाई खुशीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

फॅन पाहिला, सेन्सर बदलला, पंप उघडला. सगळं ठणठणीत. माझ्या गॅरेजात काटा मध्यावर, बाईंच्या हाती गेली की तळाला.

"ताई, गाडी चांगली आहे हो!" मी जरा आवाज चढवूनच म्हटलं.

"वर्गातली कार्टी इन्स्पेक्टर आला की अशीच गुणी व्हायची," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी घरी या. तिचे खरे गुण बघा."

गेलो. माधवराव माकडटोपी, मफलर, शाल अशा जामानिम्यात जिन्यावरून उतरले. मी हात दिला. त्यांचा पंजा फ्रीजमधून काढल्यासारखा गार होता. ते डावीकडे बसले, मी मागे. गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती, काटा मध्यावर होता. मी स्वतः पाहिला.

अप्पा बळवंत चौक आला तेव्हा तो खाली सरकत होता. सारसबागेपाशी पोचेपर्यंत तळाला टेकला. हीटरचा गार वारा माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होता.

इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. पाणी भरलेलं, पट्टा जागेवर. पाइपला हात लावला. गार. भीतभीत इंजिनच्या डोक्यावर तळवा ठेवला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीसारखं गार.

"वैजनाथ, जरा बाहेर बसू द्या मला," माधवराव म्हणाले.

मी हात धरला आणि चमकलो. तो पंजा गरम होता. कपाळावर घाम होता, गालांवर रंग आला होता. त्यांनी टोपी काढून माझ्याकडे दिली.

"आज छान वाटतंय," ते हसून म्हणाले.

ते बाकावर बसले. मी डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो आणि काट्याकडे पाहत राहिलो. तो हळूहळू मध्यावर आला. मग माधवराव परत येऊन बसले. मी खिडकीत वाकून पाहत होतो. काटा उतरू लागला.

सतरा गाड्यांची सतरा दुखणी पाहिली, पण हे भलतंच होतं.

बाई मला बाजूला घेऊन गेल्या. "घरी यांचे हात बर्फ असतात. ऊब येते ती इथंच," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता काय बदलायचं?"

"काही बदलायचं नाही," मी म्हटलं. "हात लावू नका तिला. चक्कर मात्र चुकवू नका."

त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, आणि खरं सांगतो, माझेही.

राजस संक्रांतीला आला. बापानं स्वतःच्या हातानं त्याला तिळगूळ भरवला. पुढं महिनाभर घर भरलेलं होतं. मग एका दुपारी घरीच, झोपेत, माधवराव गेले. सोनं झालं माणसाचं.

दिवसपाणी आटोपून राजस परत गेल्यावर बाई गाडी घेऊन आल्या.

"राजस विकून टाक म्हणतोय. हल्ली व्यवस्थित तापते. राजस शेजारी बसायचा, तेव्हाही तापायची. तरी एकदा बघून घ्या."

बघितलं. काही दोष नव्हता.

"आज घरी सोडता का? थकवा आलाय फार. तुम्हीच चालवा."

त्या वळसा घालून डावीकडे बसल्या. "गाडी घेतल्यापासून या सीटवर बसलेच नाही मी," त्या म्हणाल्या. "ही यांची जागा."

काटा मध्यावर होता.

स्वारगेटच्या सिग्नलला बाईंनी शाल काढून मांडीवर ठेवली. मी काट्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. मग पुन्हा काट्याकडे.

"वैजनाथ, हीटर लावलाय का?"

"नाही ताई."

"किती ऊब आहे हो इथं."

पेठेत शिरलो. काटा तळाला टेकला होता. घर आलं. मी गाडी बंद केली नाही.

"राजसला फोन कधी करणार आहात?"

"रविवारी. का हो?"

"आज करा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाई हुशार, त्यांनी काट्याकडेही पाहिलं. मग शालीची नीट घडी घातली.

"चहाला येताय ना वर?"

"बसा हो ताई," मी म्हटलं. "आधी सारसबागेपर्यंत एक चक्कर मारू."